खेळणी कंपनीने गेम रद्द केला. पैसे कोणाचे आणि कोड कोणाचा?

प्रश्न : पुण्यात आमचा तिघांच्या भागीदारीतला गेम स्टुडिओ आहे. एका खेळणी कंपनीच्या मोटारींवर मोबाइल गेम करून देण्याचे ठरले. २० लाख रुपये चार समान हप्त्यांत, हे ई-मेलवर मान्य झाले आणि पहिला हप्ता मिळाला. करारनाम्याच्या मसुद्यावर मात्र सह्या झाल्या नाहीत. दुसऱ्या टप्प्याचे काम सोपवल्यावर कंपनीने प्रकल्प रद्द केल्याचे कळवले आणि आता ती सगळा सोर्स कोड मागते आहे. तो द्यावाच लागेल का? मोटारी बदलून गेम आम्हीच बाजारात आणला तर चालेल का?

उत्तर : सही नाही म्हणजे करारच नाही, ही समजूत आधी मनातून काढावी. काम, मोबदला आणि हप्ते यांवर दोन्ही बाजूंचे एकमत पत्रव्यवहारातून स्पष्ट होत असेल, तर सहीवाचूनही करार सिद्ध होऊ शकतो. 'करारनामा होईपर्यंत कोणावरही बंधन नाही' असे वाक्य कुठल्या ई-मेलमध्ये असेल तर अडचण होते. परंतु तेव्हाही भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० उपयोगी पडते, कारण फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याला भरपाई द्यावी लागते. आपण पाठवलेल्या कागदांत कंपनीचा एक ई-मेल आहे : 'बॉनेटचा पिवळा रंग खोक्यातल्या गाडीशी जुळत नाही, पुन्हा करा.' मसुदा पाठवल्यानंतरचा हा ई-मेल मी पुराव्यात सर्वांत वर ठेवेन, कारण काम कंपनीच्या सांगण्यावरून चालू होते हे त्यातून दिसते. दुसऱ्या टप्प्याचे ५ लाख हा आपला भक्कम दावा आहे. पुढच्या दोन हप्त्यांपोटी त्याच कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येईल, पण वाचलेला खर्च त्यातून वजा होईल. गेम गाजला असता तर काय मिळाले असते, हा हिशेब मात्र न्यायालय सहसा ऐकत नाही.

आता कोड. स्वतंत्र व्यावसायिकाकडून पैसे देऊन लिहून घेतला म्हणून प्रोग्रामचे स्वामित्व ग्राहकाकडे आपोआप जात नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. ज्या न झालेल्या सहीची आपल्याला धास्ती वाटते, तीच येथे आपल्या बाजूने उभी आहे. पहिल्या टप्प्याचे काम वापरण्याची परवानगी गृहीत धरावी, असे कंपनी म्हणू शकेल, पण त्यावरून सोर्स कोडची मालकी मागता येत नाही. पार्श्वचित्रे बाहेरच्या चित्रकाराकडून घेतली असतील, तर त्याच्याकडूनही असेच लेखी हस्तांतरण घ्यावे. ही चूक छोट्या स्टुडिओंत फार वेळा दिसते.

स्वतःचा गेम काढता येईल, मात्र मोटारींचे आकार, नावे, बोधचिन्हे आणि तो पिवळासुद्धा त्यातून पूर्ण काढून. नुसते नाव बदलून तीच गाडी ठेवली, तर कॉपीराइट व ट्रेडमार्कचा दावा आपल्यावरच येईल. गोपनीयतेचा वेगळा कागद पूर्वी सही केला असेल, तर तो मला आधी दाखवावा.

वसुलीसाठी प्रथम नोटीस द्यावी. कामाआधीपासून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा उद्योगांची थकबाकी वसूल करून देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. नसेल, तर वाणिज्यिक न्यायालय. तातडीचा अंतरिम आदेश नको असल्यास तेथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. करारभंगाच्या दाव्याची मुदत ३ वर्षे असून, आपल्या बाबतीत ती फार तर रद्द केल्याच्या ई-मेलच्या तारखेपासून मोजावी.