‘अ‍ॅनिमल मॉडेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांवरचा एक लेख मराठीत आणताना ‘अ‍ॅनिमल मॉडेल’साठी ‘प्राणी प्रतिकृती’ असं लिहिलं (माणसाचा आजार समजून घ्यायला प्राण्यातल्या तशाच आजाराचा आधार घेतात, ते हे मॉडेल). संपादकांनी ते खोडून ‘प्राणी प्रारूप’ केलं. यातलं बरोबर कोणतं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. प्रतिकृती म्हणजे हुबेहूब नक्कल. दिवाळीत मुलं अंगणात प्रतापगडाची करतात ती प्रतिकृती. ससा किंवा उंदीर माणसाची नक्कल आहे असा दावा कुठलाच संशोधक करत नाही. ‘प्रारूप’ शासकीय मराठीने केव्हाच आपल्याकडे नेलाय: प्रारूप विकास आराखडा, प्रारूप मतदारयादी. त्यात ‘अजून पक्कं नाही, हरकती कळवा’ असा अर्थ मुरलेला आहे. ‘प्रतिमान’ समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञानाच्या लेखनात विचारचौकटीच्या अर्थाने येतो. ‘नमुना’ कानाला सगळ्यात सोपा, पण प्रयोगशाळेत नमुना म्हणजे रक्त, लघवी किंवा गाठीचा तुकडा. ‘उंदराचा नमुना तपासला’ म्हटलं की वाचक भलतीकडेच जातो.

मुळात इथे मॉडेल म्हणजे नुसता प्राणी नव्हे. अमुक प्राणी, त्यातला अमुक विषाणू आणि त्यातून होणारा आजार, असं त्रिकूट मिळून मॉडेल होतं. एखादा घटक बदलला की मॉडेल बदलतं. मानवी पॅपिलोमा विषाणूचं, म्हणजे एचपीव्हीचं उदाहरण घ्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याच्यामुळे होतो, पण हा विषाणू माणसाशिवाय इतर प्राण्यांत नीट रुजतच नाही, उंदराला तर त्याची लागणच होत नाही. मग अभ्यास करायचा कशावर? संशोधकांनी सशाचा आधार घेतला. अमेरिकेतल्या रानसशांच्या अंगावर शिंगांसारखे चामखीळ उगवतात हे शिकाऱ्यांना ठाऊक होतं. रिचर्ड शोप यांनी 1933 मध्ये त्यामागे विषाणू असल्याचं दाखवलं. दोनच वर्षांनी पेटन राउस आणि जोसेफ बिअर्ड यांनी पाळीव सशांत त्या चामखिळांचा कर्करोग होताना पाहिला. ही झाली पहिली तऱ्हा: विषाणू सशांचाच, आजारही सशांचाच. माणसाच्या आजाराशी त्याचं साम्य आहे, एवढाच त्याचा माणसाशी संबंध.

हेच राउस 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एका कोंबडीच्या गाठीवर काम करत होते. त्यांनी गाठ वाटली, पेशी आणि जिवाणू अडतील अशा गाळणीतून रस गाळला आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या. या कामाचं नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87व्या वर्षी. कोंबडीचा कर्करोग माणसाला काय शिकवणार, असंच बराच काळ मानलं जात होतं. पुढे 1976 मध्ये बिशप आणि व्हार्मस या अमेरिकी संशोधकांच्या गटाने दाखवलं, की त्या विषाणूतलं कर्करोग घडवणारं जनुक मुळात कोंबडीच्या निरोगी पेशींतलंच आहे. त्याचा जोडीदार माणसाच्या पेशींतही आहे. या कोंबडीला ‘प्रतिकृती’ म्हणून पाहा बरं!

दुसरी तऱ्हा म्हणजे माणसाचा विषाणू प्राण्यात घालणं. एपस्टीन-बार विषाणू टॅमॅरिन नावाच्या चिमुकल्या माकडांना टोचला की त्यांना लसिका ग्रंथींचा कर्करोग होतो. तिसरी तऱ्हा म्हणजे विषाणूचं फक्त जनुक उंदराच्या जनुकसंचात बसवणं. असे उंदीर एचपीव्हीच्या कर्करोगकारक जनुकांसाठी वापरले जातात, पण त्यांच्यात संसर्ग नसतोच, त्यामुळे संसर्ग रोखणारी लस चालते का हे त्यांच्यावर तपासता येत नाही. हिपॅटायटिस बी साठी पहिल्याच तऱ्हेने वुडचकचा उपयोग झाला. तो खारींच्या कुळातला, बिळात राहणारा अमेरिकी प्राणी. त्याला त्याचाच वेगळा विषाणू होतो आणि पुढे यकृताचा कर्करोगही. (कृपया ‘वुडचक’चं भाषांतर करू नका. खार लिहिलीत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आपली पट्ट्यापट्ट्यांची खार उभी राहील.)

या सगळ्यांना एकच शब्द लावला तर कुठे विषाणू उसना, कुठे जनुक उसनं, कुठे काहीच उसनं नाही, हा फरक बुडतो. म्हणून मी नामाऐवजी क्रियापदाकडे वळेन. ‘सशांच्या मॉडेलमधून लस विकसित झाली’ यापेक्षा ‘लस आधी सशांना आणि कुत्र्यांना, त्यांच्या-त्यांच्या पॅपिलोमा विषाणूंविरुद्ध, देऊन पाहिली’ हे वाक्य जास्त सांगतं. 1995 च्या सुमारास बीगल कुत्र्यांवर आणि सशांवर हेच झालं: विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एल1 प्रथिन टोचल्यावर त्यांना संरक्षण मिळालं. त्याच तत्त्वावरची मानवी लस 2006 मध्ये आली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लशीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली.

उंदराची अडचण मात्र बरीच वर्षं तशीच होती, कारण प्रयोगशाळेतल्या उंदराचा स्वतःचा पॅपिलोमा विषाणू सापडलेला नव्हता. तो 2011 मध्ये नोंदवला गेला आणि सापडला आपल्या खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रातल्या बिनकेसाच्या, दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या ‘न्यूड’ उंदरांच्या नाका-तोंडाच्या कडांवर उगवलेल्या चामखिळांत. आता जगभर त्याच्यावर काम चालतं. असा मराठी मुलुखातला धागा हाताशी असेल तर लेखात तो जरूर यावा.

जिथे नाम टाळता येत नाही तिथे सरळ ‘प्राणी-मॉडेल’ लिहा, जोडरेघ देऊन. ‘प्राणिशास्त्र’, ‘प्राणिसंग्रहालय’ यांत ‘णि’ ऱ्हस्व, कारण ते संस्कृत सामासिक शब्द. ‘मॉडेल’ परका पाहुणा, त्याला समासात कोंबून ‘प्राणिमॉडेल’ करण्यात शुद्धलेखन सांभाळलं जाईल, पण डोळ्यांना ते खुपेल. लिंग नपुंसक: ते मॉडेल. फॅशनवाली ती मॉडेल वेगळी. अनेकवचनी ‘मॉडेल्स’ करण्यापेक्षा ‘मॉडेलं’ बोलीला जवळचं. पहिल्या उल्लेखात एक वाक्य खर्च करा: ‘माणसाचा आजार समजून घेण्यासाठी प्राण्यात घडवलेला किंवा प्राण्यात आपोआप होणारा तसाच आजार, यालाच संशोधक प्राणी-मॉडेल म्हणतात.’

लेखात ‘विषाणूजन्य’ असाही शब्द आला आहे. तो ‘विषाणुजन्य’, ऱ्हस्व ‘णु’. अर्थाकडेही लक्ष असू द्या: ‘जन्य’ म्हटलं की विषाणू शिरला की कर्करोग झालाच, असं वाटतं. एचपीव्हीची लागण झालेल्या बहुतेकांचं शरीर तो विषाणू स्वतःच काढून टाकतं. कर्करोग होतो तो विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहिला तर. सामान्य वाचकासाठी ‘विषाणूंमुळे होऊ शकणारे कर्करोग’ लिहा, आणि मथळ्यात जागा अपुरी पडली तरच ‘विषाणुजन्य’.

आणखी एक खाचखळगा. इंग्रजीत माउस आणि रॅट वेगळे, आपल्याकडे बोलताना दोन्ही उंदीरच. काही अनुवादक रॅटला ‘घूस’ म्हणतात. घूस हा निराळा प्राणी आहे. माउसला ‘उंदीर’ आणि रॅटला ‘रॅट’च ठेवलं की वाद मिटतो.