नवरात्राच्या उपवासात जुलाब लागले तर: आईंसाठी काय करता येईल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आई ६२ वर्षांच्या, घटस्थापनेपासून नऊ दिवसांचा उपवास, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. कालपासून सात-आठ वेळा पातळ जुलाब झालेत आणि 'उपवास मोडेल' म्हणून त्या औषधही घेत नाहीत, नुसत्या कोमट पाण्यावर आहेत. मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्या नुसत्या पाण्याची.

जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि ते साध्या पाण्याने भरून निघत नाहीत. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज बरोबर पोहोचले की दोन्ही जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणीही आत ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हे काम बहुतेक वेळा सुरू राहतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर पिंपांमधून क्षार-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच.

आज केमिस्टकडून ओआरएसची पुडी आणा. त्यात ग्लुकोज आणि क्षार असतात, धान्य नसतं. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. १ लिटरची अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना, तेही बघा. गोड सरबतांचे तयार डबे ओआरएस म्हणून विकले जायचे. त्यात साखर जास्त असते आणि तिने जुलाब वाढतात. 'शुगर आहे, मग ओआरएस कसं चालेल?' असं आई म्हणतील. १ लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते टाळून शरीर कोरडं पडू देणं जास्त धोक्याचं.

पुडी येईपर्यंत घरी करा: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा भरला की सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाका. सैंधव चालेल, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, फक्त बारीक कुटून मोजा. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून नवीन करा. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा.

खाण्यात सध्या साबुदाण्याची खिचडी, वडे, शेंगदाण्याची आमटी, रताळं आणि दूध बंद. दाणे आणि तूप या पोटाला झेपणार नाही आणि जुलाबात दूध बऱ्याचदा पचत नाही. त्याऐवजी साबुदाण्याची पातळ पेज सैंधव घालून, उकडलेला बटाटा कुस्करून, पिकलं केळं, ताजं पातळ ताक. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी नको. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

भगर खाल्ली होती का? दमट हवेत भगरीला बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवसांत तिच्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. सुट्टं पीठ आणलं असेल आणि घरात आणखी कुणाला उलट्या, चक्कर, थरथर असेल, तर सगळ्यांना दवाखान्यात न्या. उरलेली भगर फेकू नका, तपासायला लागेल.

आता आईंना पटवायचं कसं. पाणी, मूळ, फळ, दूध, हवि (यज्ञात अर्पण करायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही असा जुना श्लोकच आहे. घरात कुणी श्रद्धेचं मोठं माणूस असेल तर त्यांच्या तोंडून हे सांगवा, तुम्ही वाद घालू नका. आपल्याकडे उठता-बसता उपवास असतो, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी धरायचा, आणि धान्यफराळ, म्हणजे भाजलेल्या धान्याचा फराळ असतो. धान्यफराळात तांदूळ भाजून त्याची पेज करता येते, आणि या पोटाला त्याहून चांगलं काही नाही. उरलेले उपवास घरातल्या दुसऱ्या कुणी धरले तरी चालतं. माळ आणि अखंड दिवा तर तुम्ही सांभाळू शकता.

मात्र डॉक्टरांकडे आजच जा, उद्यावर ढकलू नका. कमी खाणं आणि जुलाब यांत शुगरच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येते, बीपीच्या काही गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. कुठली थांबवायची, कुठली चालू ठेवायची हे त्यांनीच ठरवायचं, म्हणून गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक मनाने देऊ नका, ताप किंवा शौचात रक्त असेल तर मुळीच नाही. सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा, पाणी पोटात टिकत नाही, यांतलं काहीही दिसलं तर ओपीडीची वेळ बघू नका, थेट इस्पितळ गाठा.

घरी ग्लुकोमीटर असेल तर आत्ताच साखर तपासा. आकडा आणि शेवटची लघवी किती वाजता झाली, एवढं मला लिहून कळवा. मी रात्री पुन्हा बघते. पण माझ्या उत्तरासाठी दवाखाना थांबवू नका.