फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसला जाऊन फ्रेंच शिकताना सुरुवातीला कसं वाटतं? पर्यटकांच्या शहरात भाषा खरंच येते का?

येते, पण समुद्राकडे पाठ फिरवून. तुमचं ए२, म्हणजे भाषेची दुसरी प्राथमिक पातळी, झालंय आणि सहा महिने राहायचा विचार आहे, म्हणून हे आधी सांगते. मीही पुण्याहून ए२ करूनच गेले होते.

नीसचा किनारा म्हणजे प्रोमनाद देझांग्ले, सुमारे 7 किलोमीटरचा रस्ता. त्याच्या नावातच इंग्रज आहेत. हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांनीच 1820च्या दशकात तो बांधायला घेतला. म्हणजे पाहुण्यांची सवय या शहराला दोनशे वर्षांची आहे. किनाऱ्यालगतच्या कॅफेत तुमची जीभ जरा अडखळली की वेटर लगेच इंग्रजीत बोलायला लागतो. तो मदतच करत असतो, पण आपला सगळा उत्साह तिथेच मावळतो.

म्हणून ट्राम पकडा आणि उत्तरेला लिबेरासियों या वस्तीत जा. सोमवार सोडून रोज सकाळी तिथे बाजार भरतो आणि गिऱ्हाईक बहुतेक आसपासचंच. फुलासकट विकायला ठेवलेल्या कोवळ्या झुकिनी, पालेभाज्यांच्या जुड्या, ऑलिव्हचे ढीग. मी टोमॅटो मागितले, भाजीवालीने पिशवीत भरले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ए आव्हेक सेसी?" म्हणजे "आणखी काय देऊ?" पाठ्यपुस्तकात हे कधी भेटलंच नव्हतं. मागच्या आजींनी बोटाने भाज्या दाखवून मला अर्थ समजावला, रांग थांबली, कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या खेपेपासून त्या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं. एक पथ्य मात्र पाळा: आधी "बोंजूर", मग काय हवं ते. थेट मागणी केलीत तर समोरचा माणूस लगेच तुटक वागतो.

पहिले काही आठवडे खरी परीक्षा कानांची असते. वर्गात "ज न से पा" शिकतो, रस्त्यावर लोक "शेपा" म्हणून मोकळे होतात. त्यात दक्षिणेचा हेल. काहींच्या तोंडी "पँ", म्हणजे पाव, चक्क "पँग" ऐकू येतो. आकड्यांना मात्र मराठी माणसाने घाबरू नये. सत्त्याण्णवला फ्रेंचमध्ये "चार-वीस-दहा-सात" म्हणतात, यावर वर्गात सगळे डोकं धरून बसतात. पण आपण तरी एकोणसत्तर, सत्त्याण्णव फोड करून कुठे शिकलो? पाठच केले. तसाच "कात्र-व्हँ-दिसेत" हा एक सलग आवाज म्हणून पाठ करा. कुणाला "तू" आणि कुणाला "व्हू" म्हणायचं हेही इंग्रजीभाषकांपेक्षा आपल्याला लवकर उमगतं, कारण अनोळखी दुकानदाराला अरे-तुरे करायचं नाही हे अंगवळणी पडलेलं असतं.

दुपारी बाराला गडाच्या टेकडीवरून तोफेसारखा बार होतो. रोज. पहिल्या दिवशी आम्ही सगळे दचकलो, बाई मात्र शांतपणे फळ्यावर क्रियापद चालवत राहिल्या. जुन्या भागात गल्ल्यांच्या पाट्या फ्रेंच आणि निसार्त, म्हणजे नीसची स्थानिक बोली, अशा दोन भाषांत आहेत. नीस फ्रान्समध्ये आलं तेच 1860 साली, आणि इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला गॅरिबाल्डी जन्मला तो इथेच. हे कळल्यावर लोकांच्या बोलण्यातलं, खाण्यातलं इटालियन वळण खटकेनासं होतं.

वर्गाबद्दल एकच सांगते. सुट्टीत सगळे इंग्रजीवर येतात आणि दुपारी घोळक्याने पाण्यावर जातात. मला वाचवलं ते शेजारी बसणाऱ्या ब्राझीलच्या मुलीने. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज, त्यामुळे आमची सगळी मैत्री मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्येच झाली. असं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात शोधा.

शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. उन्हाळ्यात पर्यटकांकडून जास्त भाडं मिळतं, म्हणून बरेच घरमालक विद्यार्थ्यांना सप्टेंबर ते जूनपर्यंतच खोली देतात. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. ते पहिल्याच आठवड्यात उरका. आणि सुरुवातीचा महिना तरी एखाद्या फ्रेंच कुटुंबाकडे राहा, रात्रीच्या जेवणावर जेवढं बोलणं होतं तेवढं वर्गात होत नाही. शाकाहारी असाल तर अर्जातच स्पष्ट लिहा. बाहेर भूक लागली तर सोक्का आहेच: हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, भट्टीत भाजलेलं धिरडं. वरून भरपूर मिरपूड घालून, गरम असतानाच खा.