कासारवडवली, डाव्या कानातली ‘कुंई’ आणि झोपेचे इअरबड

तुझा प्रश्न मला कळला तो असा. वय ३१, घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीत, पाळी संध्याकाळी साडेपाच ते रात्री दोन. खाली घोडबंदर रोडवर रात्रभर कंटेनर चालू, म्हणून इअरबड घालून पावसाचा आवाज लावून झोपतोस. दहीहंडीला स्पीकरच्या भिंतीसमोर दोन तास उभा होतास, त्याला आठ दिवस झाले तरी डाव्या कानात ‘कुंई’ चालू आहे. बायको म्हणते घोरतोस. ऑफिसच्या तपासणीत बीपी १३८/८८ निघालं. आणि एवढं सगळं सांगून विचारलंस काय, तर झोपताना घालायला नॉइज कॅन्सलिंगवाले कुठले इअरबड चांगले, आणि कानात तेल घालू का.

वयाने माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी डॉक्टर नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला २२ वर्षं काढली, त्यातली निम्मी तिसऱ्या पाळीत. कान आणि झोप दोन्ही तिथेच घालवली. इअर मफ मिळायचे, पण ते कानावर कमी आणि गळ्यात जास्त. आज जांभळी नाक्यावर भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि मला ‘आठ’ ऐकू येतं. हसण्यावारी नेऊ नकोस. स, श, फ ही अक्षरं उंच पट्टीतली. आवाजाने कान जातो तेव्हा तीच पहिली जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरातले म्हणतात, ‘बाबांचं लक्षच नसतं.’

तर आधी डावा कान. मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजणं, दडे बसल्यासारखं वाटणं हे बहुतेकदा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतं. आठ दिवस टिकली असेल तर थांबू नकोस. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घे. बंद खोलीत हेडफोन घालून बसवतात, ‘पीप’ ऐकू आलं की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम. ठाण्यात खासगी केंद्रं आहेतच. सरकारी ठिकाणी जायचं असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवण हेच तिथलं काम. तपासणीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, हातात आला की ४००० हर्ट्झवर रेघ खाली वाकली आहे का बघ. गोंगाटाने गेलेल्या कानाची ती खूण, माझ्या दोन्ही कानांत आहे.

इथेच एक गोष्ट सांगतो, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल. चरईतला माझा एक मित्र सकाळी उठला तो एका कानाने काहीच ऐकू येईना. सर्दीने दडा बसला असेल म्हणाला, लसूण घालून गरम केलेलं तेल सोडत राहिला. बारा दिवसांनी डॉक्टरकडे गेला तेव्हा कळलं, मळबिळ काही नाही, नस गेली. असा एकाएकी एक कान गेला तर ती इमर्जन्सी असते. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी कान परत येण्याची आशा जास्त, पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तर उत्तम. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर तोंड मिटून ‘म्मम्म’ असा हुंकार काढायचा. बंद वाटणाऱ्या कानात तो मोठा घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे सरकला तर रिक्षा पकडायची. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. मित्राचा कान परत आला नाही.

तेलाचं उत्तर यातच आलं. पडद्याला भोक आहे की नाही हे माहीत नसताना कानात काहीही सोडू नये. कापसाच्या काड्याही बंद कर. मळ आपोआप बाहेर येत असतो, काडी त्याला आत ठासते. स्टेशनबाहेर कान साफ करून देणारे भेटतात त्यांना लांबूनच नमस्कार.

आता रोजच्या आवाजाचा हिशेब. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. (कोंबडीच्या उगवतात. कोंबडीला त्याचं काय कौतुक, देव जाणे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. तीन डेसिबल वाढले की कानाला नीटसं जाणवतही नाही, पण ऊर्जा दुप्पट झालेली असते. मी एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवरचं आवाज मोजायचं ॲप लावून बसलो होतो. तुर्भ्यापर्यंत आकडा ८० च्या आसपासच नाचत होता. ॲप काही काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. एवढ्या खडखडाटात गाणं ऐकू यायचं तर ते त्याच्या वर न्यावं लागतं, म्हणजे ८८-९०. तू बस, लोकल आणि परतीची कॅब धरून रोज दोन तास ऐकतोस, आठवड्याला दहा. परवानगी पाचची. दोन आठवड्यांचा शिधा तू एका आठवड्यात संपवतोस, वर दहीहंडी वेगळी. ऑफिसातल्या हेडसेटचे तास मी मोजलेलेच नाहीत.

म्हणून नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड जरूर घे, पण प्रवासासाठी. लोकलची घरघर खालच्या पट्टीतली असते, तीच ते चांगली कापतात. मग गाणं अर्ध्या आवाजात पुरतं. पैसे तिथे वसूल होतात. झोपेत नाहीत.

रात्रीच्या पावसाने तुझे कान जाणार नाहीत, तो आवाज तेवढा मोठा नसेल. तक्रार दुसरी आहे. सात तास कानात बोळा कोंबून ठेवला की आत घाम आणि दमट हवा कोंडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. एकदा ती कानातली खाज अनुभवलेला माणूस पुन्हा विषय काढत नाही. शिवाय कंटेनर गेला की तू पाऊस एक घर वाढवतोस, पुढच्या महिन्यात आणखी एक. आवाजावर आवाजाचं पांघरूण. आवाज कमी करायचा असतो रे, झाकायचा नसतो.

तो कमी कसा करायचा ते मला बांधकामवाल्या भाच्याने शिकवलं. टॉवरमधल्या स्लायडिंग खिडकीत आवाज काचेतून कमी आणि फटींतून जास्त येतो. दोन सरकत्या पल्ल्यांच्या मध्ये आणि खालच्या पट्टीत बोट फिरवून बघ, वारा लागतो की नाही. तिथल्या ब्रशच्या पट्ट्या झिजलेल्या असतात. ॲल्युमिनियमचं काम करणारा तासाभरात बदलून देतो. जाड पडद्याने उजेड अडतो, कंटेनरची घरघर अडत नाही. पलंग रस्त्याच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लाव. पंखा चालू ठेव, तोच तुझा पाऊस. एवढ्यावरही भागलं नाही तर केमिस्टकडे किंवा सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात फोमचे पिवळे-नारिंगी प्लग अगदी स्वस्तात मिळतात. घालायची पद्धत आहे, जी आम्हाला कारखान्याच्या डॉक्टरांनी शिकवली आणि आम्ही पाळली नाही. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता टेकवून ठेवला तर काही उपयोग नाही. मळके झाले की फेकायचे. डाव्या कानात मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत घालू नकोस.

‘मला सवय झालीये, कंटेनरने जाग येत नाही’ असंही तू लिहिलंयस. मीही प्रेसबद्दल हेच म्हणायचो. जाग येत नसली तरी शरीर ऐकतच असतं. २००८ साली युरोपात चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० लोकांना रात्रभर बीपीचं यंत्र लावून झोपवलं होतं. विमान गेलं की वरचं बीपी सरासरी सहा अंकांनी चढायचं. तुझ्या १३८ मागे हेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, मीठ आहे, वजन आहे, बैठं काम आहे. पण आपल्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातलीये ती उगाच नाही. घोडबंदरला ती कोण पाळतं हा भाग सोड.

बीपीच्या यादीत घोरणं मी सगळ्यात वर ठेवेन. बायकोला एकच विचार: घोरणं मध्येच थांबून काही सेकंद शांतता आणि मग हिसका देऊन श्वास, असं होतं का? होत असेल तर ते स्लीप ॲप्निया असू शकतं. घशातली श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून उठवतो, तुला आठवतही नाही. तासाला असे पाचहून जास्त प्रसंग म्हणजे सुरुवात, तीसहून जास्त म्हणजे गंभीर. तपासणीची यंत्रं हल्ली घरी आणूनही लावतात. माझ्या मेहुण्याचं बीपी दोन गोळ्यांनी उतरत नव्हतं, रात्री हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मास्क लावायला लागल्यावर एक गोळी सुटली. मास्कला तो पहिले पंधरा दिवस शिव्या घालत होता, आता गावाला जातानाही बॅगेत पहिला तोच. तुझं तसं नसेलही. पण ॲप्निया असताना कान बंद करून झोपलास तर फक्त कंटेनर गप्प होतील, बीपी नाही.

राहिली पाळी. नोकरी सोड असं सांगणारे खूप भेटतील, हप्ते तेच भरणार असतील तर ऐक. तीन ते दहा झोपतोस, सात तास म्हणजे वाईट नाही. गडबड शनिवार-रविवारची आहे. त्या दोन दिवशी अकराला झोपून सातला उठतोस आणि सोमवारी पुन्हा तीन. दर आठवड्याला दुबईच्या पलीकडे जाऊन आल्यासारखं शरीराला वाटतं. सुट्टीलाही एक-दीडच्या आत आडवा होऊ नकोस आणि नऊच्या आधी उठू नकोस, बायकोशी मांडवली कर. ऑफिसातली बाराची कॉफी बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. बाराला प्यायलास तर पाचला अर्धा कप अजून अंगात असतो. शेवटची कॉफी आठला. कॅबमध्ये फोन बघू नकोस म्हणणार होतो, पण तेवढं तू ऐकणार नाहीस, मीही ऐकलं नसतं.

एक गोष्ट तुला घाबरवायला नाही, तर तपासणी टाळू नयेस म्हणून. २०२० साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १२ कारणं मांडली, त्यात मध्यमवयात कमी होणारं ऐकू येणं सगळ्यात मोठ्या वाट्याचं होतं. मी ५२ व्या वर्षी मशीन लावली. पाच वर्षं आधी लावायला हवी होती. तेव्हा लाज वाटायची. चष्म्याची कधी वाटली नाही.

तर या आठवड्यात कान, पुढच्या आठवड्यात खिडकीच्या पट्ट्या. बीपी पंधरा दिवस घरी मोज, सकाळी उठल्यावर आणि ऑफिसला निघण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव आणि घोरण्याचं त्यांना स्वतःहून सांग, ते विचारतीलच असं नाही. ऑडिओग्राम झाला की ४००० चे आकडे इथे टाक, दोन्ही कानांचे.