सोलापूर ते दिल्ली नेमकं अंतर किती आणि पोचायला किती वेळ?

तुम्ही विचारलंय की एकीकडे १,२०० किमी दिसतं, दुसरीकडे १,५००, रेल्वेच्या हिशेबात १,७००. मग खरं कोणतं? तिन्ही खरीच. नकाशावर पट्टी ठेवली तर साधारण १,२२० किमी, पण त्याचा प्रवाशाला उपयोग नाही. रस्ता १,५०० च्या आसपास. रेल्वेचं अंतर वाढतं कारण दिल्ली सरळ उत्तरेला असली तरी गाडी आधी पश्चिमेला दौंडपर्यंत १८७ किमी जाते आणि मग नगर, मनमाडकडे वळते. तिकिटाचे पैसेही या वळशासकट लागतात.

थेट आणि रोजची गाडी म्हणजे कर्नाटक एक्सप्रेस: मनमाड, भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा. सकाळी सोलापुरात बसलात की दुसऱ्या दिवशी नवी दिल्ली; पंचवीस-सव्वीस तास धरा. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरपुढे धुकं असतं, तेव्हा पुढची गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर पाच-सहा तास हातचे ठेवा. डब्यात कडक भाकरी नि शेंगाची चटणी घ्या, दोन दिवस काही होत नाही.

तत्काळमध्ये सोलापूरकर हमखास फसतात. तत्काळचा दिवस तुम्ही कुठून चढता त्यावर नाही, गाडी जिथून सुटते तिथून मोजतात. ही गाडी बंगळूरहून आदल्या संध्याकाळी सुटते. म्हणजे बुधवारी सकाळी सोलापुरात चढायचं असेल तर ती मंगळवारची गाडी, आणि तत्काळ उघडणार सोमवारी: एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. मंगळवारी बुकिंगला बसलात तर हाती वेटिंगच. ऑनलाइन काढणार असाल तर खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, ऐनवेळी ओटीपीची वाट बघत बसू नका.

स्वतःच्या गाडीने जायचं तर तुळजापूर, येडशी, बीड, संभाजीनगर, कन्नड घाट, धुळे, सेंधवा, इंदूर; सगळा ५२ नंबरचा हायवे. इंदूर ७२० किमीच्या आसपास, तिथे मुक्काम कराच. कन्नडचा घाट अरुंद आहे, एक वाहन बंद पडलं की तास-दोन तास गेले. पावसाळ्यात तर रात्री तिकडे फिरकूच नये. इंदूरपुढे ब्यावऱ्याला रस्ता फुटतो: ५२ नंबर कोटा, जयपूरकडे जातो, तुम्ही गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा धरा. नुसतं चालवणंच २६ ते २८ तासांचं, त्यामुळे एकट्या ड्रायव्हरने दोन दिवसांत उरकायचा हट्ट करू नये.

विमानासाठी पुणे बरं. २५० किमी, साडेचार-पाच तास, पुढे दिल्ली सव्वादोन तास. लोहगाव विमानतळ आपल्याच बाजूला, पूर्वेला आहे, अख्खं पुणे ओलांडावं लागत नाही. पण संध्याकाळी लोणी काळभोर ते हडपसर ट्रॅफिक जाम असतो, त्याचा तासभर वेगळा धरूनच सोलापूर सोडा.