सुई आधी, सुरी नंतर : स्तनांच्या गाठीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं वय ५२. उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ लागते. सर्जन म्हणतात, आधी गाठ काढू, मग तपासायला पाठवू. तारीखही मिळाली आहे. योग्य आहे ना?

उत्तर : तारीख थांबवा आणि आधी निदान करून घ्या. गाठीचा निकाल तीन गोष्टींवर लागतो : डॉक्टरांनी दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासणं, मॅमोग्राफी व सोनोग्राफी, आणि कोअर बायोप्सी. तिन्हींचा मेळ बसायला हवा. हाताला आणि फिल्मवर गाठ संशयास्पद वाटत असेल आणि बायोप्सीत मात्र ‘काही नाही’ आलं, तर निश्चिंत व्हायचं नाही. सुई गाठीत नेमकी गेली नसेल असं धरून बायोप्सी पुन्हा करतात.

कोअर बायोप्सीत जागा बधिर करून, सोनोग्राफीवर पाहत, बहुधा १४ गेजच्या सुईने काडीसारखे बारीक तुकडे घेतात. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या एफएनएसीवर भागत नाही. तिच्यात सुट्या पेशी मिळतात, त्यामुळे कॅन्सर आसपासच्या पेशीजालात शिरला आहे की नाही हे सांगता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. नंतर जागा दहा मिनिटं घट्ट दाबून धरली की काळं-निळं पडणं बरंच टळतं.

आता गाठ थेट काढली तर काय बिघडतं? गाठ साधी निघाली, तर ऑपरेशन बहुधा फुकट गेलं. कॅन्सर निघाला, तर कडेला पुरेशी निरोगी जागा सोडलेली नसते, काखेतल्या गाठींचं (लसिकाग्रंथींचं) काही ठरलेलं नसतं, आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. पहिली चीर चुकीच्या जागी असेल तर दुसरं ऑपरेशन आणखी मोठं होतं. शिवाय मोठ्या गाठीत, आणि हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेला) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ते प्रथिन जास्त नसलेला आणि हार्मोन रिसेप्टरही नसलेला) प्रकारात, बऱ्याचदा केमो आधी देतात. गाठ किती विरघळते यावरून पुढचं औषध ठरतं. गाठच काढून टाकली तर ते कळायचं कसं? केमो आधी ठरली तर गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली आहे ना, हे विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडायला तेवढीच खूण उरते.

राहिली ‘सुई लावली की पसरतं’ ही भीती. सुईच्या वाटेत चुकार पेशी सरकू शकतात, पण त्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही. बायोप्सी टाळून वाया घालवलेले महिने मात्र महागात पडतात.

प्रश्न : मॅमोग्राफीच्या रिपोर्टात ‘बायरॅड्स ४’ लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज?

उत्तर : नाही. हा आकडा फक्त फिल्मवरच्या संशयाचा आहे, स्टेजचा नाही. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ ची व्याप्ती फार मोठी, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून तिचे अ, ब, क असे भाग करतात. तुमच्या रिपोर्टात अक्षर नसेल तर रेडिऑलॉजिस्टना विचारा. अक्षर कोणतंही असो, बायोप्सी करायचीच. आणि एक उलटी बाजू : हाताला संशयास्पद गाठ लागत असताना रिपोर्ट ‘१’ आला, तरी तिथे थांबायचं नाही.

प्रश्न : स्तन राखून ऑपरेशन झालं. रिपोर्टात ‘मार्जिन १ मिमी’ आणि ‘हर-टू २+’ आहे. सासूबाई म्हणतात, सगळंच काढायला हवं होतं.

उत्तर : मार्जिन म्हणजे गाठ आणि काढलेल्या तुकड्याची कड यांतलं अंतर. त्या कडेला पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात. आजूबाजूला शिरलेल्या कॅन्सरमध्ये शाईपर्यंत गाठ पोचलेली नसली की मार्जिन पुरेसं मानतात, म्हणून १ मिमी चालतं. कॅन्सर नुसता दुग्धनलिकांच्या आतच असेल, तर मात्र २ मिमी हवं असतं. तुमचा प्रकार कोणता, ते रिपोर्टात पाहा.

हर-टू २+ म्हणजे निकाल अधांतरी. ‘फिश’ (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) चाचणी झाल्याशिवाय हर-टूचं औषध ठरवता येत नाही. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचे रिसेप्टर, १ टक्का पेशींत असले तरी पॉझिटिव्ह धरतात. ईआर अनपेक्षितपणे शून्य आला तर तुकडा कसा हाताळला ते विचारा : काढल्यापासून तासाभरात तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. उशीर झाला तर पॉझिटिव्ह असलेली गाठ निगेटिव्ह दिसू शकते.

सासूबाईंची काळजी समजते. पण बर्नार्ड फिशर आणि उंबेर्तो वेरोनेसी यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले, त्यांत स्तन राखून आणि पूर्ण काढून अशा दोन्ही पद्धतींत आयुष्यमान सारखंच निघालं. रेडिएशन मात्र चुकवू नका. फिशर यांच्या अभ्यासात ते न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला, घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के.

प्रश्न : ड्रेनची नळी कधी काढतात?

उत्तर : बहुतेक ठिकाणी जखमेतून येणारं पाणी सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की. रोज ठरल्या वेळी मोजून लिहा. नळीच्या टोकाचा फुगा चेपलेला असेल तरच ओढ राहते. फुगला की रिकामा करून पुन्हा चेपा. एकदम लालभडक रक्त, ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : हॉस्पिटल कसं पारखावं?

उत्तर : इमारत बघून नव्हे. युरोपातल्या स्तनरोगतज्ज्ञांच्या युसोमा संस्थेच्या निकषानुसार केंद्रात वर्षाला किमान १५० नवे रुग्ण आणि प्रत्येक सर्जनकडे किमान ५० ऑपरेशनं हवीत. सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमो आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस ठरवतात का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं आहे. त्याहून लांबत असेल तर कारण विचारा. दुसरं मत घ्यायचं तर स्लाइड नेऊन भागत नाही, मेणातले ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. नवी चाचणी करायची तर ती त्यांच्यावरच होते.