टेरा: मालिकेतली आणि कॉमिक्समधली

आपण भाच्यासोबत किशोरवयीन सुपरहिरोंच्या संघावरील ‘टीन टायटन्स’ या कार्टून मालिकेचे दुसरे पर्व पाहून संपवले आहे आणि कॉमिक्समधील टेरा, म्हणजे या संघात येणारी, माती-दगड हलवण्याची शक्ती असलेली मुलगी, मुळातच कपटी होती असे कळल्यावर खरी टेरा कोणती, आता कॉमिक्स वाचावीत का, असे विचारले आहे. कॉमिक्स अवश्य वाचावीत, परंतु मालिका त्यांच्याशी किती प्रामाणिक राहिली हे मोजण्यासाठी वाचू नयेत.

आपल्या पेडण्याकडे दशावतार पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की आख्यान ठरलेले असले तरी संवाद नट रंगमंचावरच रचतात आणि त्यामुळे एकच कथा दोन मंडळ्यांत निराळी उभी राहते. टेराच्या बाबतीत तर तिचा हेतूच बदलला आहे. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी १९८२ मध्ये तिला आणले ते ती गद्दार निघणार हे ठरवूनच. पेरेझ यांनी तिला पुढे आलेले दात असलेली, साधी, अल्लड पोर म्हणून रेखाटले. तो चेहरा पाहून वाचक निर्धास्त होतो. ती संघाचा शत्रू असलेल्या डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याची हस्तक असल्याचे टायटन्सच्या आधी वाचकाला कळते आणि तिथून पुढे तिच्या प्रत्येक हसण्याची धास्ती वाटू लागते. १९८४ च्या ‘जुडास कॉन्ट्रॅक्ट’ या कथेमध्ये ती मरते तेव्हाही तिचा द्वेष तसूभर ओसरलेला नसतो. संघात घेतले, माया लावली, म्हणून माणूस बदलतोच असे नाही, हे इतक्या कठोरपणे सांगणारी सुपरहिरोकथा त्या काळी विरळाच होती.

२००३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतली टेरा मात्र स्वतःच्या शक्तीला घाबरलेली आहे आणि स्लेड (मालिकेत डेथस्ट्रोकचे हेच नाव आहे) त्या भीतीचाच फायदा घेतो. जत्रेतल्या पाळण्यात ती संघातल्या बीस्ट बॉयला आडवळणाने विचारते की माझ्याविषयीचे सत्य कळले तरी तू माझा मित्र राहशील का. कॉमिक्समधल्या टेराने हा प्रश्न मनापासून विचारलाच नसता. म्हणूनच शेवटी शहर वाचवताना तिचे दगड होणे मला पळवाट वाटत नाही. या टेराच्या कथेचा तोच न्याय्य शेवट आहे.

संघाचा नेता रॉबिन ‘नाइटविंग’ हे नवे नाव घेतो, तेही कॉमिक्समध्ये ‘जुडास कॉन्ट्रॅक्ट’मध्येच घडते. मालिकेने ते दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात, भविष्याच्या ओझरत्या दर्शनापुरते ठेवले आहे.

वाचनाची सुरुवात ‘न्यू टीन टायटन्स’च्या २६ व्या अंकापासून करावी. थेट ‘जुडास कॉन्ट्रॅक्ट’ हाती घेतल्यास विश्वास बसण्याआधीच विश्वासघात वाचावा लागतो आणि कथेची निम्मी धार जाते. टेरा आणि डेथस्ट्रोक यांच्यातील संबंध कॉमिक्समध्ये ज्या तऱ्हेने दाखवले आहेत, ते लहान मुलांच्या हाती देण्यासारखे नाहीत; त्यामुळे भाच्याला तूर्त मालिकाच पुरे, कॉमिक्स आधी आपण वाचावीत.